मामांचं हॉटेल आणि जगातली बाकीची

जगात जेवढी म्हणून हॉटेलं आहेत ती सगळी आपल्या हॉटेलाची भावंडं आहेत, काही थोरली, काही धाकटी, पण रक्त एकच, अशी माझ्या मामांची पक्की समजूत होती. ती काढून टाकायला मी एक पदवी, त्यावर एक पदविका आणि त्यावर अर्ध्या जगाचा प्रवास खर्ची घातला, पण मामा तसूभरही हलले नाहीत. मी टोकियोला जाऊन आले काय, इस्तंबूलला जाऊन आले काय, मामा खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसत पहिला प्रश्न हाच विचारायचे, "भट्टीवर कोन हुतं?" त्यांच्या लेखी हॉटेलाची पत भट्टीपाशी ठरते. बाकी झुंबरं, गालिचे, संगमरवर हे सगळं म्हणजे नवरदेवाच्या घोड्यावरची झूल. घोडा चालतो का ते बघायचं.

मामांचं स्वतःचं हॉटेल तासगावच्या बाहेर, आमच्या गावाकडं रस्ता फुटतो त्या फाट्यावर होतं. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, पुढं बाकडी, मागं भट्टी आणि भट्टीच्या मागं मामा. चहा आणि कांदाभजी रोज, मिसळ फक्त बाजारच्या दिवशी. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले, बेदाण्याचे व्यापारी, एसटीचे ड्रायव्हर, सगळे तिथं टेकायचे. भिंती नव्हत्याच, त्यामुळं धूळ, वारा, कुत्री आणि गिऱ्हाईक यांना चारी बाजूंनी सारखाच मान होता. पण या जागेला कुणी टपरी म्हणायची सोय नव्हती. एकदा पुण्याकडचा एक गाडीवाला मोबाईल कानाला लावून म्हणाला, "इथं एका टपरीवर थांबलोय." मामांनी ओतायला वाकडी केलेली किटली तशीच हवेत धरली. "टपरी फुडं हाय, पावणं. ह्ये हॉटेल हाय." त्या माणसाला वाटलं गंमत चालली आहे. पण किटली काही खाली येईना. शेवटी त्यानं पुन्हा फोन लावला आणि "हॉटेलात थांबलोय" असं बायकोला स्वच्छ सांगितलं, तेव्हा कुठं चहा कपात पडला. वर मामांनी त्याला आपल्याकडनं भज्यांची बशी दिली आणि शिकवलंही, "उभ्यानं पितात ती टपरी. बसून पितात ते हॉटेल. पोटाला लागतं ती खानावळ. शबुद ज्याचा त्याला द्यावा मानसानं."

शब्दांच्या बाबतीत असा सोनाराचा तराजू घेऊन बसलेला माणूस माझ्या कामाच्या बाबतीत मात्र सगळा घोटाळा करायचा, तो का, हे मला कितीतरी वर्षं उमगलंच नाही. घोटाळा कसला, ते सांगते. आमच्या भागात हॉटेल म्हणजे खायचं-प्यायचं ठिकाण. रात्री राहायचं ते लॉज. आणि लॉज हा शब्द चांगल्या घरात मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. बायपासला काळ्या काचांची एक इमारत होती, तिच्यावर तो शब्द लाल अक्षरांत दिवसाढवळ्याही पेटलेला असायचा, आणि एसटी तिथनं गेली की बायका दुसऱ्या खिडकीतनं ऊस बघायच्या. त्या शब्दाला चिकटून जी कुजबुज यायची ती एकदा पोरीच्या नावाला लागली की सात पिढ्या निघत नसे.

आता माझं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी सांगत सुटते, असं माझी भावजय म्हणते. सांगतेच. ज्या घरात आईला सही येत नव्हती आणि वडलांची, म्हणजे आप्पांची, शाळा गुरं राखण्यात संपली होती, त्या घरात भिंतीवर पदवीचा कागद लागला, तो मी नाही सांगायचा तर कुणी सांगायचा? पण पदवी घेऊन मी सांगलीहून परत आले आणि म्हणाले, मला पुण्याला जाऊन हॉटेलचं शिक्षण घ्यायचंय, तेव्हा आईनं पीठ मळता मळता आप्पांकडं बघितलं. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हॉटेल म्हंजे कंचं हॉटेल?"

मी नुकतीच पदवीधर झालेली. खरं ते सांगायचं, खोटं बोलायचं नाही, हे ताजं ताजं अंगात भिनलेलं. मी सगळं नीट समजावून सांगायला तोंड उघडलं. म्हणाले, "आप्पा, मोठ्या शहरात परदेशी लोक येतात, त्यांना रात्री..." आणि त्या उघडलेल्या तोंडात एक गरम भजी आली. मामा बहिणीकडं भज्यांचा पुडा घेऊन आले होते आणि नेमके माझ्या शेजारी उभे होते. मी भजी इकडनं तिकडं फिरवत डोळ्यांतलं पाणी पुसतेय तोवर मामा बोलून गेले, "आवं दाजी, हॉटेल म्हंजे हॉटेल. माझं न्हाई का फाट्यावर? तसलंच. जरा मोटं असतंय."

आप्पांनी पुड्यातली एक भजी खाल्ली. मग उठून द्राक्षाच्या बागेकडं गेले. दुसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी टोचून विचारलं, "काय वो, पोरीला एवडी शिकवली आन् आता हॉटेलात लावनार म्हनं?" तर आप्पा शांतपणे म्हणाले, "मामाच्या धंद्यात चाललीय." एवढंच. त्या एका वाक्यावर माझी बॅग भरली गेली आणि मी पुण्याची गाडी धरली. म्हणजे माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं पुढचं सगळं आयुष्य मामांच्या एका गैरसमजावर उभं होतं. तो गैरसमज ज्या दिवशी आप्पांच्या डोक्यातनं फुटेल, त्या दिवशी मला परत यावं लागेल, ही धाकधूक मी पुढं कितीतरी वर्षं पोटात घेऊन फिरले.

कारण माझं काम तर असं की लपवता येईना. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात काही वर्षं काढल्यावर मला एका कंपनीनं घेतलं. जगातल्या मोठ्या शहरांतली वेगळ्या धाटणीची, देखणी, चमत्कारिक हॉटेलं जाऊन बघायची, तिथं राहायचं आणि लोकांनी तिथं का जावं हे लिहायचं. सुट्टीला गावी आले की मी मोबाईलमधले फोटो घेऊन मामांच्या बाकड्यावर बसायची. आप्पा बागेतनं येऊन चष्मा लावून शेजारी बसायचे, आणि पलीकडं बेदाण्याचे व्यापारी बागवान चाचा, ज्यांचा मामांवर जीव होता आणि म्हणूनच मामांच्या भज्यांना ते रोज नावं ठेवायचे. फोटो मी दाखवायची. त्याचा अर्थ मात्र मामा सांगायचे.

पांढऱ्याशुभ्र चादरीचा भला थोरला पलंग आला की मामा म्हणायचे, "मालकाची झोपायची खोली. मालक हॉटेलातच ऱ्हातो, दाजी. त्याशिवाय गड्यावर लक्ष ऱ्हात न्हाई." सिंगापूरच्या गच्चीवरचा निळाशार पोहण्याचा तलाव दाखवला, तर मामांनी बोट ठेवलं, "ह्यो भांडी धुवायचा हौद." चाचा म्हणाले, "एवढा मोठा?" मामा म्हणाले, "गिऱ्हाईक किती असंल, जरा इचार कर की." टोकियोतलं ते हॉटेल, जिथं भिंतीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खण केलेत आणि माणसं एकेका खणात सरकून झोपतात, ते बघून आप्पांनी विचारलं, "ह्ये खन कशाचं?"

"भाकरीचं. भाकरी गरम ऱ्हाती."

"आन् ह्यो आत मानूस हाय त्यो?"

मामांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. "भाकऱ्या लावनारा हाय. दमलाय. जरा आडवा झालाय."

आप्पा म्हणाले, "आसंल, आसंल."

इस्तंबूलला जुन्या तुरुंगाचं एक हॉटेल केलंय. जाड भिंती, आत चौक, चौकात फुलं. मी म्हणाले, लोक हौसेनं पैसे देऊन... आणि मामांनी लगेच भजी पुढं केली, "खा, गार व्हायलीत." मग आप्पांकडं वळून, "कैद्यांच्या खोलीत आता टेबलं टाकल्यात, दाजी. जेवायला." चाचांनी दाढी खाजवली आणि म्हणाले, "पैसे देके जेल में? हमारी गल्ली के तो फुकट जाके आये, और बोले चाय मामा से अच्छी मिली." त्यावर मामांनी चाचांना अख्खा आठवडा चहात साखर घातली नाही.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. वाटायचं, एवढं शिकून, इतकी शहरं बघून आपण शेवटी या बाकड्यावर हौद आणि भाकऱ्या ऐकायच्या? एकटे असताना मी मामांना समजवायची. "आवं मामा, तिथं लोक राहतात. आपल्याकडं लॉज म्हणतात ना..." तो शब्द ओठांवर आला रे आला की मामांच्या हातनं झाकण तरी पडायचं, दूध तरी उतू जायचं, नाहीतर रस्त्यावरनं चाललेल्या एसटीला ते उगाच हात करायचे. एकदा तर गाडी थांबलीसुद्धा. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय मामा?" मामा म्हणाले, "काय न्हाई. बरं हायसा न्हवं?" आणि गाडी शिव्या देत निघून गेली.

पण माझ्या गोष्टींचा त्यांच्यावर परिणाम होत नसे, असं म्हणवत नाही. लंडनच्या एका हॉटेलात उंच टोपी घातलेला माणूस आलेल्या प्रत्येकाला अदबीनं दार उघडून देतो, हे त्यांना भारी आवडलं. पुढच्या सुट्टीला मी आले तर मामांच्या हॉटेलाला दार! जुन्या बाजारातनं आणलेलं सागवानी, पितळी कडीचं, चौकटीसकट उभं केलेलं. भिंती नव्हत्याच. मोकळ्या रानात नुसतं दार. गिऱ्हाईक दोन्ही बाजूंनी आत शिरायचं, कुत्री खालनं, आणि मामा पंचा डोक्याला गुंडाळून दारात उभे. ओळखीचं माणूस बाजूनं आत आलं की त्याला परत बाहेर पाठवायचे, "दारातनं ये, गड्या. दार कशाला हाय?" बागवान चाचा पहिल्यांदा त्या दारातनं आले, थांबले, मागं वळले, आणि त्यांनी दाराला हळूच आतनं कडी घातली. "चोर नको आने." पत्र्याखाली बसलेलं सगळं गिऱ्हाईक हसलं, मामासुद्धा.

मामांचा एक रिवाज होता, तो त्यांनी कुठंही मोडला नाही. हॉटेलवाल्यानं दुसऱ्याच्या हॉटेलात गिऱ्हाइकासारखं बाकड्यावर बसायचं नाही. सरळ आत भट्टीपाशी जायचं, रामराम घालायचा, मग चहा घ्यायचा. माझ्या मावसभावाच्या साखरपुड्याला आम्ही मेढ्याला चाललो होतो, तर साताऱ्यापर्यंत मामा एवढ्या भट्ट्यांना रामराम घालत गेले की आम्ही पोचलो तेव्हा नवरीला साखरपुडा देऊन झाला होता. सगळे चिडलेले. मामा म्हणाले, "नवरी पळून जातीया व्हय? पन साताऱ्यातल्या त्या मानसाची भट्टी नवी हाय, त्याला इचारपूस नको?"

हाच रिवाज त्यांनी मुंबईलाही पाळला. आप्पांनी एक दिवस अचानक म्हटलं, "पोरगी काम करती ते हॉटेल एकदा बघू." ही फोटोंच्या आधीची गोष्ट, मी तेव्हा अजून मुंबईच्या त्या मोठ्या हॉटेलातच होते.  आप्पा येणार, वरच्या मजल्यांवरच्या खोल्या बघणार, आणि मामांचं ते "तसलंच, जरा मोटं" एका दिवसात कोसळणार. मामा आपणहून बरोबर निघाले. आप्पांनी नवा फेटा बांधला होता, मामांनी नवा पंचा.

मोठ्या काचेच्या दारातनं आत आले आणि मामा थांबलेच नाहीत. "भट्टी कुटं?" म्हणत सरळ चालत सुटले. मी मागं, आप्पा माझ्या मागं, सुरक्षावाला आमच्या मागं. स्वयंपाकघरात मामा उंच पांढरी टोपी घातलेल्या मोठ्या आचाऱ्यापुढं उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "रामराम. मीबी हॉटेलवाला. तासगाव." तो निघाला जतचा. त्यानं अर्ध्या कन्नडात, अर्ध्या आपल्या बोलीत मामांना कवटाळलंच, आणि दोघांनी रस्त्याच्या कडेला बसल्यासारखा उभ्या उभ्या चहा घेतला. उभ्यानं. टपरीसारखा. मी मामांकडं बघितलं, तर ते दुसरीकडं बघत होते.

पण खरा प्रसंग पुढं आला. आप्पा बाहेर येऊन लिफ्टसमोरच्या सोफ्यावर बसले. माणसं येत होती, चाकाच्या बॅगा ओढत लिफ्टमध्ये शिरत होती. आप्पांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पावणं, ही मानसं पिशव्या घिऊन वर कुटं निगाली?"

मी घाईघाईनं पुढं झाले.

मामा म्हणाले, "वर जेवायला. वर वारा चांगला लागतो."

"कापडं भरलेल्या पिशव्या घिऊन?"

"श्रीमंत लोकं हाईत, दाजी. भाजी सांडली तर बदलायला नकोत व्हय?"

आप्पांनी मान डोलावली. "आसंल, आसंल." तेवढ्यात एक गोरं जोडपं आंघोळीचे पांढरे अंगरखे घालून लिफ्टमधनं बाहेर आलं आणि तलावाकडं गेलं. आप्पांनी मामांकडं बघितलं. मामांनी कपाळाचा घाम पुसला. "ह्यांची सांडली बगा," ते म्हणाले.

निघताना आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हॉटेल झकास हाय. च्या तेवडा मामाचाच बरा." मग माझ्याकडं न बघता, "तू ऱ्हातीस त्या खोलीला आतनं कडी हाय न्हवं?" मी म्हणाले, हाय. "लावत जा," म्हणाले, आणि फेटा नीट करून टॅक्सीत बसले. मला वाटलं, आईनं सांगून पाठवलं असेल.

आप्पांना जाऊन आता काही वर्षं झाली. रस्ता रुंद झाला तेव्हा फाट्यावरचं हॉटेलही गेलं. पत्रा कुणी नेला, बाकडी कुणी नेली. मामांनी दार तेवढं घरी आणलं. आता ते त्यांच्या खाटेमागं भिंतीला टेकून उभं आहे, बंद, पितळी कडी घातलेलं. बागवान चाचा रोज संध्याकाळी येतात आणि त्या दाराला बोटानं टकटक करून मगच खुर्चीवर बसतात. मामा खाटेवरनं ओरडतात, "कोन हाय?" हा त्यांचा आता नेम झाला आहे.

गेल्या सुट्टीला मी नेहमीसारखी मोबाईल घेऊन खाटेजवळ बसले. लिस्बनमधल्या एका हॉटेलाचे फोटो होते, टेकडीवर बांधलेलं, खाली नदी. मामांचे डोळे अधू झालेत, पण फोटो त्यांनी मन लावून बघितले. गच्चीवरचा निळा तलाव आला. माझ्या जिभेला वळण पडलेलं, मी आपली म्हणाले, "आणि हा भांड्यांचा हौद, मामा."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "पवायचा तलाव हाय गं त्यो," ते म्हणाले. "एवडं निळं पानी भांड्यास्नी कशाला घालतील?"

मी मोबाईल खाली ठेवला. "म्हंजे तुमाला ठावं हुतं?"

"मला बायपासचं लॉज दिसत न्हवतं व्हय? पन त्यो शबुद तुज्या तोंडातनं दाजींच्या सोप्यात पडला असता, तर पुन्यातलं तुजं कॉलेज कोन बघनार हुतं? म्हनून भजी घातली. तोंड भाजलं का लय?"

"लय भाजलं."

"मला वाटलंच हुतं," मामा समाधानानं म्हणाले.

मी हसले आणि म्हणाले, आप्पा बिचारे शेवटपर्यंत भाकऱ्याच समजत राहिले. तर मामा उठून बसायला लागले. मी हात दिला. "दाजी? येडी का काय तू? त्यास्नी तर माज्याआदी समजलेलं. त्या दिवशी सोप्यातनं उटून बागंत म्हनून गेले, ते बागंत न्हाई गेले. फाट्यावर आले. बाकड्यावर बसले. म्हनाले, पावणं, पोरीचं मन मोडवत न्हाई. पन उद्या पारावर लोकं इचारत्याल, काय सांगू? मी म्हनलं, सांगा, मामाच्या धंद्यात गेली. त्यांनी च्या पिला आन् गेले."

"मग मुंबईत? ते पिशव्या, भाजी सांडणं?"

"त्यांनी इचारायचं, मी सांगायचं. ठरवल्यालं न्हवतं कवाच. पन ते इचारायचं थांबले असते तर तुला वाटलं असतं, आता ह्यास्नी समजलं. म्हनून इचारायचे." मामांनी पंच्यानं डोळे पुसले, का चष्म्याशिवायचे डोळे पाणावतात तसेच पाणावले होते कोण जाणे. "ती कापडं बदलायची गोष्ट मात्र लय अवगड गेली गं. घाम फुटला. आन् दाजी हसत न्हवते, तोंड आवळून बसल्यालं. स्टँड येस्तवर टॅक्सीत हसत हुते मग."

टॅक्सीत. मी काचेच्या दारात उभी राहून हात हलवत होते, आणि गाडी वळली तेव्हा आप्पांचा फेटा हलताना मागच्या काचेतनं दिसला होता. मला वाटलं होतं, रस्ता खराब आहे.

मामांचा निरोप घेऊन मी तासगावच्या स्टँडवरनं एसटीत बसले. फाटा आला कधी आणि गेला कधी ते समजलंही नाही, आता तिथं नुसता रुंद रस्ता आहे. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर बेदाण्याची पिशवी. तिनं मला नीट वरखाली बघितलं, मूठभर बेदाणे हातावर ठेवले आणि विचारलं, "काय करतीस गं बाय?"

माझ्याजवळ माझ्या कामाचं इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. मोठ्या शहरांत ते सांगितलं की लोक भुवया वर करतात.

"हॉटेल हाय आमचं," मी म्हणाले. "फाट्यावर हुतं."